कशावरून?

नऊ वर्षं मी केसपेपरच्या खिडकीत बसले. सोलापुरातला एक मोठा दवाखाना, तळमजला, खिडकी क्रमांक २. समोर जाळी, जाळीच्या खाली हात जाईल एवढं अर्धगोल भोक, आणि त्यातून दिवसाला दोन-अडीचशे हात आत यायचे. त्या काळातले चेहरे मला फारसे आठवत नाहीत, हात मात्र आठवतात. यंत्रमागावरच्या माणसाचा हात, तंबाखूचा वास घेऊन येणारा विडी वळणारीचा हात, फडातून परस्पर आलेल्या ऊसतोड्याचा चरे पडलेला हात. नाव, वय, गाव, कुठल्या डॉक्टरांना दाखवायचंय. यापलीकडे कुणी बोलायला लागलं की माझं वाक्य ठरलेलं असायचं : "ते आत सांगा. पुढे चला."

त्याच मजल्यावर, जिन्याखाली, एक खोली होती. दारावर पाटी, 'समाजसेवा विभाग'. मी ज्यांना "पुढे चला" म्हणायचे त्यातले काही फिरत फिरत त्या खोलीत पोचायचे आणि अर्ध्या-पाऊण तासाने हातात एक चिठ्ठी घेऊन परत माझ्याच खिडकीवर यायचे. चिठ्ठीवर सही, आणि बिल कमी झालेलं. आत नेमकं काय चालतं याचं मला कुतूहल होतं. पैसे देतात म्हणावं तर त्या बाईंच्या टेबलाला साधा गल्लाही नव्हता. एकदा डबा घेऊन तिथेच जेवायला गेले. चार घास खाईपर्यंत तीन माणसं आली. बाई बोलत कमी होत्या, विचारत जास्त होत्या. जेवण झाल्यावर मला म्हणाल्या, "तू बी.कॉम. आहेस ना? एमएसडब्ल्यूला कुठलीही पदवी चालते. दोन वर्षं. कर."

तेव्हा मी ३३ वर्षांची होते, मुलगा तिसरीत, नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. ही २०१७ ची गोष्ट. (खाली जी माणसं येतील ती मी बदलून, दोघातिघांची मिळून एक अशी केली आहेत. का, ते पुढे येईलच.)

एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. तिच्या प्रवेशाच्या मुलाखतीला तिघं होते. "समाजकार्यच का?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं, लोकांची सेवा करायची आहे. मधले सर म्हणाले, "ती तर तुम्ही आत्ताही करताय की. खिडकीत." यावर मला काही सुचलं नाही. प्रवेश मिळाला. माझी हुशारी वगैरे काही नाही, जागा शिल्लक होत्या.

घरी सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, पण मुलाखतीतल्या तिघांपेक्षा अवघड : "समाजसेवेचं पण सर्टिफिकेट लागतं का आता? आमच्या आत्याबाई वाड्यात कुणाचं बाळंतपण असलं की रात्री कंदील घेऊन जायच्या. त्यांनी कुठं परीक्षा दिली होती?"

गंमत म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या पेपरात हाच प्रश्न येतो. 'समाजसेवा आणि व्यावसायिक समाजकार्य यांतील फरक स्पष्ट करा', दहा गुणांना. उत्तराचा साचाही ठरलेला असतो. सुरुवात लंडनपासून, १८६९ ची दानधर्म संघटना, मग शिकागोचं हल हाउस हे वस्तीकेंद्र, १८८९, जेन अ‍ॅडम्स. मग बोट मुंबईला लागते : नागपाड्यात वस्तीकेंद्र चालवणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट, आणि १९३६ साली निघालेलं सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, देशातलं या विषयाचं पहिलं. त्याचंच १९४४ ला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. आमच्या नोट्समध्ये हल हाउसला चार पानं होती. त्याच १८८९ साली, हल हाउसच्या काही महिने आधी, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं, विधवा मुलींसाठी. आणि ते उघडण्याआधी त्या दोनेक वर्षं अमेरिकेत राहून, भाषणं करून, पैसे जमवून आल्या होत्या. नोट्समध्ये याला एक ओळ. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना गेल्या, याला अर्धी ओळ, आणि तीही 'पार्श्वभूमी' या मथळ्याखाली. मी पेपरात शारदा सदनावर दीड पान लिहिलं. दहापैकी पाच मिळाले. आमच्या मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, "लिहिलंय चांगलं. प्रश्न वाचला नाहीत."

या मॅडम म्हणजे माझ्या फिल्डवर्क पर्यवेक्षक. पन्नाशीच्या, कॉटनची साडी, लाल शाईचं शाईपेन. वर्गातल्या बाकीच्यांना 'अगं', 'अरे', मला एकटीला 'तुम्ही'. वर्गात पहिल्या दिवशी एका मुलाने मला 'काकू' म्हटलं, आठवड्याभरात त्याची 'ताई' झाली, पण मॅडमचं 'तुम्ही' दोन वर्षं हललं नाही.

एमएसडब्ल्यूबद्दल बाहेर कुणाला ठाऊक नसतं ते हे, की हे शिक्षण वर्गात अर्धंच होतं. आठवड्यातले दोन दिवस, आमच्याकडे गुरुवार-शुक्रवार, संस्थेत, वस्तीत किंवा दवाखान्यात काढायचे. मग घरी येऊन त्या दिवसाचं 'रेकॉर्डिंग' लिहायचं. रेकॉर्डिंग म्हटलं की नातेवाइकांना वाटायचं मी मोबाइलवर काही टिपते. तसं नाही. फुलस्केप वहीत हाताने लिहायचं : कुठे गेलो, कोण भेटलं, ते काय बोललं, आपण काय बोललो, आपल्याला काय दिसलं, आपलं काय चुकलं. सोमवारी वही मॅडमच्या टेबलावर. बुधवारी 'आयसी', म्हणजे एकटीला समोर बसवून त्या वहीची चिरफाड.

माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगचं पहिलं वाक्य होतं : 'सदर कुटुंब अत्यंत गरीब असून घरची परिस्थिती हलाखीची आहे.' नऊ वर्षं कारकुनी केलेल्या बाईचं वाक्य, त्यात 'सदर' येणारच. समासात लाल शाईत एक शब्द : 'कशावरून?'

मला राग आला. कशावरून म्हणजे काय, दिसतंय की. बुधवारी मॅडम म्हणाल्या, "काय दिसतंय ते लिहा. गरिबी दिसत नाही, वस्तू दिसतात." मग आठवून आठवून लिहिलं : एक खोली, दहा बाय दहा असेल, पत्र्यावर दगड ठेवलेले, गॅसची टाकी आहे पण शेगडी चुलीशेजारी उभी करून ठेवलेली, भिंतीला मोठा टीव्ही, तो बंद, कारण रिचार्ज संपलेला. आणि हे लिहिताना माझ्याच लक्षात आलं की टाकी असून चूल का पेटते हे मी विचारलंच नव्हतं. पुढच्या गुरुवारी विचारलं. टाकी भरायला एकरकमी पैसे लागतात, आणि एकरकमी पैसे त्या घरात कधीच नसतात. जळण रोजच्या रोज मिळतं. 'अत्यंत गरीब' या दोन शब्दांत हे काहीच नव्हतं.

दोन वर्षांत तो लाल शब्द माझ्या वह्यांत किती वेळा आला कुणास ठाऊक. 'मुलगी अभ्यासात कच्ची आहे.' कशावरून? 'नवरा व्यसनी आहे.' कशावरून? 'सेवार्थीने सहकार्य केले नाही.' कशावरून, आणि तुम्ही केलंत का?

पहिल्या वर्षी माझी नेमणूक सेटलमेंटमध्ये होती. सोलापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी अशा कितीतरी जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड वसवलं. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवानगी काढायची. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कुंपण गेलं, पण वस्तीचं नाव 'सेटलमेंट'च राहिलं. रिक्षावाल्याला आजही तेवढंच सांगितलं की पुरतं.

हे मला तेव्हा वरवर माहीत होतं. पहिल्या शुक्रवारी आम्ही दोघी सर्वेक्षणाला निघालो, हातात लांब रजिस्टर, कॉलम आखलेले : अनुक्रमांक, कुटुंबप्रमुखाचे नाव, सदस्य संख्या. तिसऱ्या दारात एक म्हातारी बसलेली, गोधडीला दोरा भरत. मी नाव विचारलं. तिने रजिस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हाजरी घ्यायला आलीस व्हय?"

मला वाटलं चेष्टा करतेय. मी हसले. माझी मैत्रीणही हसली. म्हातारी हसली नाही. सुई खाली ठेवून आत गेली आणि दार लोटून घेतलं. हे मी रेकॉर्डिंगमध्ये असं लिहिलं : 'एका वृद्ध महिलेने माहिती देण्यास नकार दिला.' यावर मॅडमनी 'कशावरून' लिहिलं नाही. नुसती वाक्याखाली रेघ मारली आणि मला ग्रंथालयात पाठवलं. तिथे त्या जुन्या हजेरीबद्दल वाचत बसले. म्हातारीच्या वयाचा हिशेब केला. कायदा गेला तेव्हा ती आठ-दहा वर्षांची असणार. आईच्या कडेवर, मग आईच्या बोटाला धरून, तिने ती हजेरी दिलेली असणार. आणि सत्तरच्या दशकात कधीतरी हातात रजिस्टर घेऊन, आखलेल्या कॉलमांचं, असंच कुणी आलं असेल, आणि नव्वदच्या दशकात, आणि आता मी.

पुढच्या आठवड्यापासून रजिस्टर नेलं नाही. घरी आल्यावर आठवून लिहायचं. आठवत नाही ते सुटलं. आमचं सर्वेक्षण कॉलेजात सगळ्यांत उशिरा जमा झालं.

तिथेच मला माझी पहिली 'केस' मिळाली. (हा शब्द मला अजून आवडत नाही. मराठी पुस्तकांत 'सेवार्थी' असतो, तो बोलताना तोंडात बसत नाही. आम्ही सगळे शेवटी 'त्या ताई' असंच म्हणायचो.) त्या ताई माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, चार घरची धुणीभांडी, दोन मुलं. पहिल्या भेटीत नवऱ्याबद्दल विचारलं. म्हणाल्या, "गेला ओ तो. तीन वर्षं झाली."

मी लगेच कामाला लागले. संजय गांधी निराधार योजना, विधवांना बसते. तेव्हा महिन्याला ६०० रुपये मिळायचे. कागदांची यादी केली, रहिवासाचं बघितलं, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज लिहिला. रेकॉर्डिंगमध्ये ठळक लिहिलं, 'पती मयत (३ वर्षे)'. समासात : 'कशावरून?'

मी बुधवारी जरा चिडूनच म्हटलं, "मॅडम, त्या स्वतः म्हणाल्या, गेला म्हणून." मॅडमनी चष्मा काढला. "माझे मिस्टरपण गेलेत. बार्शीला. संध्याकाळी येतील."

तो माणूस मेला नव्हता. सोडून गेला होता. पुण्याकडे कुठेतरी दुसरा संसार मांडून राहत होता. ताईंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. मी पाच वेळा त्यांच्यासमोर बसले होते आणि ते मला दिसलं नव्हतं. कारण माझ्या डोक्यात विधवेचा फॉर्म आधीच भरून झाला होता. त्यांना विचारलं, अहो, मी मृत्यूच्या दाखल्याचं बोलत होते तेव्हा तुम्ही काहीच कसं म्हणाला नाहीत? तर म्हणाल्या, "मला वाटलं तुमच्यात तसा नियम असेल."

मग खरं काम सुरू झालं, आणि ते अवघड होतं. मेलेल्या नवऱ्याचा दाखला मिळतो, निघून गेलेल्याचा मिळत नाही. घटस्फोट नाही, कोर्टात दावा नाही, पोटगीचा कागद नाही. कार्यालयात गेलो. टेबलापलीकडच्या माणसाने कागद चाळले आणि ताईंना विचारलं, "नवऱ्यानं सोडलंय, कशावरून?"

तोच शब्द. मला क्षणभर वाटलं मॅडमच बोलल्या. पण मॅडम 'कशावरून' विचारायच्या तेव्हा मला परत जाऊन बघावं लागायचं. इथे तो शब्द खिडकी बंद केल्यासारखा वाजला. ताई गप्प. मी आठवून बघितलं, नऊ वर्षांत मी "पुढे चला" म्हणत होते ते ऐकायला असंच लागत असेल.

त्यातच उत्पन्नाची अट. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. भागाकार करून बघा, महिन्याला १,७५० येतात. चार घरची धुणीभांडी करणारी बाई दोन मुलांना घेऊन सोलापुरात महिना १,७५० रुपयांत जगते, असं सरकारला लिहून द्यायचं. खरं उत्पन्न सांगितलं तर अपात्र, आणि पात्र व्हायचं तर खोटं बोला. 'सेवार्थीला स्वयंनिर्णयाचा अधिकार आहे' हे तत्त्व आम्ही त्याच आठवड्यात वर्गात शिकत होतो. मी ताईंनाच विचारलं काय करायचं. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच लिहा की काहीतरी." मी लिहिलं नाही. चारही घरच्या मालकिणींकडून किती मिळतं ते लेखी घ्यायचा प्रयत्न केला, दोघींनी दार उघडलं आणि कारण ऐकून लावून घेतलं.

प्रकरण विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलापर्यंत नेलं, पोटगीचा दावा लावायचं ठरलं, आणि मार्च आला. फिल्डवर्क संपलं. याला अभ्यासक्रमात 'टर्मिनेशन' म्हणतात, कसं करावं याचे मुद्देही आहेत, परीक्षेत येतात. मी मुद्द्याप्रमाणे दोन भेटी आधीपासून सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी ताईंनी चहा केला. म्हणाल्या, "जूनमध्ये दुसरी पोरगी येणार का?" हो म्हटलं. "मग तिलापण सगळं पहिल्यापासून सांगायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आज सात-आठ वर्षांनीही नाही. विद्यार्थ्यांना शिकायला माणसं लागतात, आणि माणसं दर जूनला नव्याने उसवावी लागतात. मी पुढच्या मुलीसाठी आठ पानांची नोंद करून ठेवली. तिने वाचली की नाही माहीत नाही.

ग्रामीण शिबिराबद्दल थोडक्यात. मोहोळ तालुक्यातलं गाव, सात दिवस, तीन शोषखड्डे आणि व्यसनमुक्तीचं एक पथनाट्य. एक आजोबा म्हणाले, "गेल्या वर्षीच्या पोरांनी पण हितंच खणला होता." गावाबाहेर, कालव्याच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या, बीडकडची माणसं. त्यांच्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात, मुकादमाकडून उचलही जोडीवरच मिळते. आमच्या सर्वेक्षणात ते नव्हते, कारण ते गावाचे रहिवासी नव्हते. संध्याकाळी त्यांची पोरं आमचं पथनाट्य बघायला आली आणि सगळ्यांत पुढे बसली.

दुसऱ्या वर्षी विषय निवडायचा असतो. आमच्या वर्गातली निम्मी मुलं एचआरकडे गेली. त्यांना नावं ठेवायची पद्धत आहे, मी ठेवत नाही. फॅक्टरी कायद्यात १९४८ पासूनच ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमायचं कलम होतं, आणि या पदवीवर घर चालेल असा पगार बऱ्याचदा त्याच वाटेला असतो. मी वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य घेतलं. मला परत दवाखान्यातच जायचं होतं, फक्त जाळीच्या दुसऱ्या बाजूने. माझा दवाखाना सोडून दुसऱ्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नेमणूक मिळाली.

आता हे ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण दवाखान्यातल्या समाजकार्याचा मोठा हिस्सा रेशनकार्ड हा आहे. तेव्हा महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसायचं तर पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं. आता योजना सगळ्यांना खुली झाली आहे, तरी कागद सुटलेले नाहीत. त्यात न बसलं तर धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या, हा हायकोर्टाने मान्य केलेला नियम आहे. हा नियम माझ्या खिडकीसमोरच्या भिंतीवर नऊ वर्षं फलकावर लिहिलेला होता. मी तो वाचलेला नव्हता. पाठ माझी होती ना तिकडे. खरं तर पाठही नाही, तोंड होतं, जाळीतून दिसायचा.

सोलापुरात आणखी एक अडचण. अर्धे पेशंट सीमेपलीकडचे, इंडी, आळंद, अफझलपूरचे. बोलतात कन्नड, सोयरीक इकडची, कार्ड कर्नाटकाचं. त्यांना तेव्हा इकडची योजना नव्हती. मी कामापुरतं कन्नड शिकले ते तिथेच. 'एष्टु दिना आयतु', किती दिवस झाले.

एक मुलगी आली होती, अक्कलकोट तालुक्यातली, वय २०. लग्नाला चौदा महिने झालेले. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेली, हे कळलं तेव्हा तिसरा महिना होता आणि तो टिकला नव्हता. फुग्याने झडप रुंद करायची प्रक्रिया योजनेत बसत होती. सासरचं कार्ड केशरी. पण त्यात तिचं नाव नव्हतं. लग्न ठरल्याबरोबर माहेरच्या कार्डातून नाव कमी केलेलं, दाखला सासरी दिलेला, आणि सासरी तो चौदा महिने ट्रंकेत. म्हणजे चौदा महिने ही मुलगी कुठल्याच घरात नव्हती, निदान पुरवठा विभागाच्या लेखी.

मी रेकॉर्डिंगमध्ये लिहिलं : 'सासरच्यांच्या हलगर्जीपणामुळे नाव चढवले गेले नाही.' लिहून झाल्यावर पेन खाली ठेवला, तो शब्द लाल शाईत यायच्या आधी माझ्याच कानात आला. दुसऱ्या दिवशी सासूला बाकावर गाठलं. बाई काही वाईट नव्हत्या. सुनेच्या उशाशी रात्रभर बसत होत्या, वारा घालत होत्या. मी विचारलं, मावशी, नाव चढवायचं राहून गेलं का? त्या सरळ म्हणाल्या, "राहून न्हाई. नांदती का बघू म्हटलं, मग चढवू. थोरलीचं चढवलं आन् ती चार महिन्यांत गेली निघून. मग कमी करायला ह्यांनी तालुक्याला सात खेपा घातल्या."

हलगर्जीपणा नव्हता. हिशेब होता, आणि तो त्यांच्या बाजूने बरोबरही होता. मला काय वाटलं ते वेगळं. मी ते वाक्य खोडून सासूचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मग मुलीचा दीर, सरपंचांचं पत्र आणि मी, असे तिघं तहसीलच्या पुरवठा शाखेत तीनदा गेलो. नाव चढायला ११ दिवस लागले, प्रक्रियेला दीड तास. डिस्चार्जच्या दिवशी ती मुलगी नवं कार्ड घेऊन बसली होती, घरातल्या नावांत आपलं शोधत. शेवटून पहिलं होतं. मॅडमनी त्या रेकॉर्डिंगवर काहीच लिहिलं नाही, सही करून तारीख टाकली. दोन वर्षांत असं चारदा झालं असेल.

२०१९ ला पास झाले. समाजसेवा अधीक्षकाच्या सरकारी जागा मोजक्या, परीक्षा कधी निघेल त्याचा नेम नाही. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा दोनदा दिली, दुसऱ्यांदा थोडक्यात गेली. शेवटी समुपदेशक म्हणून कंत्राटी लागले. ऑर्डर ११ महिन्यांची, मग मध्ये एक दिवस खाडा, मग पुन्हा ११ महिने. पहिला पगार खिडकीतल्या पगारापेक्षा अडीच हजारांनी जास्त होता. दोन वर्षांचा बुडालेला पगार आणि फी मिळवून हिशेब केला, तर पैसे फिटायला सहा वर्षं लागणार होती. नवऱ्याने तो हिशेब दुकानाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलाय, दर दिवाळीला दाखवतो. एमएसडब्ल्यू करू का, म्हणून विचारायला मुली येतात तेव्हा मी हे आकडे आधी सांगते. बहुतेकींना हे आकडे आधीच कुणीतरी सांगितलेले असतात.

सासूबाईंना त्यांच्या आत्याबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. परवा त्या शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून दवाखान्यात असते. काय करती म्हणजे, विचारती."

आता वह्यांचं. दोन वर्षांच्या रेकॉर्डिंगच्या एकूण नऊ फुलस्केप वह्या माळ्यावर होत्या. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत नवऱ्याने खाली काढल्या, रद्दीत घालू का म्हणाला. मी ओरडलेच. त्या वह्यांत खरी नावं आहेत, खरे पत्ते, कुणाचा नवरा कुठे गेला, कुणाला कुठला आजार आहे. सोलापुरात रद्दीच्या कागदात शेंगाचटणी बांधून मिळते. जाळायच्या म्हटलं तर वरच्या मजल्यावरच्यांची धुराची तक्रार. म्हणून गच्चीवर नेऊन पाण्याच्या टबात बुडवल्या.

रात्रभर भिजवून सकाळी बघितलं. माझं सगळं बॉलपेनचं, निळं, जसंच्या तसं वाचता येत होतं. नाव, गाव, सगळं. विरघळली ती मॅडमची शाईपेनची लाल शाई. टबातलं पाणी गुलाबी झालं होतं आणि समास कोरे. मग हाताने फाडत बसले. पान न पान, मुलगा मदतीला आला तर त्याला लांब बसवून. चार वह्या झाल्या आहेत. लगदा कुंड्यांत घातला. पाच बाकी आहेत, त्या पुन्हा माळ्यावर ठेवल्यात.